दोन डबे

आमचे धाकटे दीर मालवाहू जहाजावर फिटर आहेत. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. ते आले की बॅगेतून काय निघणार, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मुलांना चॉकलेट, अम्मांना खजूर आणि गुडघ्यांचं मलम, आम्हाला अत्तराची कुपी. गेल्या वर्षी ते शव्वालच्या महिन्यात आले. बॅग रिकामी होत आली तेव्हा तळाशी कपड्यांत गुंडाळलेले नऊ चपटे डबे निघाले. प्रत्येक डब्याला छापील कागद गुंडाळलेला, घड्या इतक्या नीट की मिठाईच्या दुकानातल्या कारागिरानेच घातल्यासारख्या.

"काय आहे रे हे?" अम्मांनी विचारलं.

"मासळी, अम्मा. तारली आहे."

अम्मांनी कपाळाला हात लावला. "रत्नागिरीत मासळी आणलीस? पुढच्या खेपेला हापूस आण विलायतेतून!"

सगळे हसले. आमच्या धाकट्या मुलीने डब्यावरची अक्षरं जुळवून मोठ्याने वाचलं, "नूरी!" तेव्हा मात्र अम्मांचा सूर जरा नरमला. "मुसलमान आहेत का ते लोक?" त्यांनी विचारलं. दीर म्हणाले, "नाही अम्मा, पोर्तुगालचे आहेत. नाव तेवढं आपल्यासारखं आहे."

डब्यातली मासळी आमच्या घराला नवी नव्हती. आमच्या सासरचे निम्मे पुरुष आखातात नोकरी करून आलेले. टूनाचे डबे त्यांच्याबरोबर यायचे आणि कपाटात पडून राहायचे. 'एका खोलीत सहाजण राहणाऱ्या माणसांचं खाणं ते, घरात बाई असताना डबा कशाला फोडायचा?' हे अम्मांचं मत. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या आणि मासळी मिळेनाशी झाली तरी अम्मा डब्याला हात लावत नसत. त्यांची आगोटीची बेगमी तयार असायची: सुके बोंबील, सोडे, सुकट, खारा बांगडा.

हा डबा वेगळा कसा, ते दिरांनी रात्री जेवताना सांगितलं. त्यांचं जहाज पोर्तुगालच्या उत्तरेला लेशोंइश बंदरात लागलं होतं. बंदराला लागूनच मातोझिन्योस हे मच्छीमारांचं गाव आहे. तिथे 1920 साली सुरू झालेला पिन्हाइस नावाचा कारखाना अजून जुन्या पद्धतीने मासळी डबाबंद करतो आणि लोकांना आत नेऊन दाखवतो. उतरायला अर्धा दिवस मिळाला, तेव्हा खलाशी मित्राबरोबर हे तिथे गेले.

"भाभी, आत शिरलो आणि मला आपली जेटी आठवली," ते म्हणाले. "सगळ्या बायका. डोक्याला टोप्या, पुढे एप्रन, आणि हात असे चालतात की नजर ठरत नाही."

जवळच्या धक्क्यावर लिलावात ताजी मासळी मिळाली तर काम, नाही तर नाही. आधी डोकं आणि पोटातली घाण हाताने काढायची. मग मासळी मिठाच्या पाण्यात. मग जाळीच्या चौकटीत एकेक मासा डोक्याच्या बाजूने खाली उभा करायचा, धुवायचा आणि वाफेवर शिजवायचा. बरेच मोठे कारखाने मासळी कच्चीच डब्यात भरून एकदम शिजवतात. इथे आधी वाफवून पाणी निथळू देतात, म्हणून डब्यात नुसतं तेल राहतं, पाणचट रस सुटत नाही. मसाल्याच्या डब्यात गाजराची चकती, काकडीच्या लोणच्याचा तुकडा, मिरची, तमालपत्र, लवंग आणि काळी मिरी. त्यावर मासे बेताने कापून बसवायचे, ऑलिव्हचं तेल भरायचं आणि डबा बंद करून भट्टीत उष्णता द्यायची. शेवटी प्रत्येक डबा कागदात हाताने गुंडाळायचा.

"एका डब्याचे चार-पाचशे रुपये पडले," दिरांनी हळूच सांगितलं. अम्मांना ऐकू गेलंच. सव्वाशे ग्रॅम तारलीला पाचशे रुपये! जी तारली आपल्याकडे हंगामात टोपलीने मिळते, जास्त आली तर कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात जाते, आणि पूर्वी माडांच्या बुंध्याशी खत म्हणून घालत, तिला?

तसं पाहिलं तर ही तारली आणि ती एक नव्हे. युरोपातली सार्डिन वेगळ्या जातीची आणि आपली तारली वेगळी, पण एकाच कुळातल्या. दोघी तेलकट, दोघी थव्याने येणाऱ्या आणि दोन्हीकडे गरिबांची मासळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या.

डबा उघडण्याआधी आम्ही कागद वाचायला घेतला. आमचं माहेर घाटावरचं, हनफी. सासर कोकणी, शाफई. लग्न होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यात ताटात चिंबोरी आली होती आणि आम्ही ताटाकडे बघत बसलो होतो. हनफी मसलकात समुद्रातली मासळीच तेवढी हलाल, शाफई मसलकात समुद्रातले इतर जीवही चालतात. तेव्हा सासऱ्यांनी ताट स्वतःकडे ओढून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "सूनबाईसाठी सुरमई तळा. दोन्ही इमाम आपलेच." ते शब्द आम्ही विसरलेलो नाही.

मासळीला जबिहाची अट नाही, त्यामुळे डबा परदेशी असला तरी मूळ पदार्थाचा प्रश्न येत नाही. पण डब्यात मासळीबरोबर आणखी काय आहे, हे पाहावं लागतं. फ्रान्समधल्या काही डब्यांत सार्डिन व्हाइट वाईनच्या रसात असते. स्पेन-पोर्तुगालच्या डब्यावर 'विनो' किंवा 'विन्यो' लिहिलेलं असेल तर ती वाईन. 'विनाग्रे' म्हणजे सिरका. त्याविषयी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. ऑक्टोपस, माकूल आणि शिंपल्यांचेही उंची डबे मिळतात. तिथे ज्याने त्याने आपला मसलक पाहावा. आमच्या डब्यावर मासळी, तेल, मीठ आणि मसाला, एवढंच होतं.

बिस्मिल्ला म्हणून डबा उघडला. मासे रुपेरी, एकमेकांना टेकून निजलेले. कुठे पोट फुटलेलं नाही, कुठे साल निघालेली नाही. तेलात लवंगेचा वास उतरला होता. मधला काटा इतका मऊ की पावाबरोबर कळतही नव्हता. अम्मांनी भाकरीच्या तुकड्यावर अर्धा मासा घेतला आणि बराच वेळ चावला. मग म्हणाल्या, "कोणीतरी जीव लावून केलंय." अम्मांच्या तोंडून याहून मोठी पावती आम्ही वीस वर्षांत ऐकलेली नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आम्ही दोन डबे शिक्षक खोलीत नेले. आमची उर्दू माध्यमाची शाळा. मधल्या सुट्टीत डबे फोडले, पाव आणले, सगळ्यांनी चवीने खाल्लं. कुणी कागदाचा फोटो काढला. एका मॅडमनी तेलात पाव बुडवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "काय सुरेख वास आहे!"

तो शब्द ऐकला आणि आमचा घास तोंडातच फिरायला लागला.

त्याच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. आमच्या आठवीच्या वर्गात मच्छीमार मोहल्ल्यातली एक मुलगी होती. वडील बोटीवर, आई मासळी सुकवून विकायची. मुलगी अभ्यासात बरी, उर्दूचं अक्षर मोत्यासारखं. ती डब्यात बहुतेक भाकरी आणि सुकी तारली आणायची, चुलीवर भाजलेली. एक दिवस तीन-चार मुली आमच्याकडे आल्या. "मॅडम, हिच्या डब्याचा वास येतो. आम्हाला जेवता येत नाही." आम्ही तपासणीचे कागद भरत होतो. मान वर न करता आम्ही त्या मुलीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "बेटा, उद्यापासून सुकी मासळी आणू नकोस. पोळीभाजी आण."

ती "जी मॅडम" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तक्रार आली नाही, म्हणून प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो. तिने पोळीभाजी आणली नव्हती. तिने डबाच आणणं बंद केलं होतं. मधल्या सुट्टीत ती नळावर पाणी प्यायची आणि मैदानाच्या कडेला भिंतीपाशी बसून राहायची. आम्ही तिला तिथे बसलेलं कितीदा पाहिलं होतं. मैत्रिणींशी भांडली असेल, असंच वाटलं.

आता त्याच कुळातली मासळी पाचशे रुपयांच्या डब्यातून आली तर आम्ही सगळे शिक्षक वासाची तारीफ करत होतो. आपल्यात उच्चनीच नाही, मशिदीत सगळे एका सफेत उभे राहतात, हे आम्ही वर्गात दर वर्षी शिकवतो. आणि आमच्याच वर्गातल्या एका मुलीला आम्ही तिच्या आईच्या मेहनतीची लाज वाटायला शिकवलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या काही दिवसांत आम्ही या डब्यांचा इतिहास जमेल तसा वाचून काढला. खरं सांगायचं तर मनाला दुसरीकडे गुंतवायचं होतं. पण जे वाचलं त्याने पुन्हा तिथेच आणून सोडलं.

निकोला अपेर हा फ्रान्समधला मिठाई करणारा माणूस. अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवली तर ते महिनोन् महिने टिकतं, हे त्याने वर्षानुवर्षे करून पाहिलं. 1810 मध्ये सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं आणि त्याने कृती पुस्तकात छापून सगळ्यांना खुली केली. अन्न का टिकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. जंतूंचं कारण पाश्चर यांनी पुढे पन्नासेक वर्षांनी समजावलं. 1810 मध्येच इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. डबा उघडायची चावी मात्र आणखी चाळीसेक वर्षांनी आली, तोवर छिन्नी-हातोडीने डबे फोडत. पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सार्डिन डबाबंद करायचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली मासळी रोडावली आणि धंदा स्पेन-पोर्तुगालकडे आणखी वाढला. आज डबाबंद सार्डिन सर्वांत जास्त निर्यात करणारा देश मोरोक्को आहे. तिथल्या साफी आणि अगादिर या बंदरांत आपल्याच भगिनी हे काम करतात.

हे सगळं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. शोध पुरुषांच्या नावावर, कारखाने पुरुषांच्या नावावर, आणि हात बायकांचे. स्पेनमध्ये सांतोन्याला अँकोव्ही नावाची बोटभर मासळी महिनोन् महिने मिठात मुरवतात. मग तिची साल आणि बारीक काटे काढून एकेक पट्टी साफ करतात, तेही बायकाच, हातानेच. या डब्यांना जी किंमत येते ती मासळीपेक्षा या हातांची आहे.

आणि या हातांनाही वासावरून हिणवलं गेलंच असेल. ब्रिटनीतल्या दुआर्नने गावच्या कामगार बायकांना 'पेन सार्दिन' म्हणत, म्हणजे सार्डिनचं डोकं. त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवरून पडलेलं ते नाव. बोट आली की रात्री-अपरात्री कामाला जावं लागे. बारा वर्षांच्या मुलीही त्यात असत. तासाला 80 सांतिम मिळत, म्हणजे एक फ्रँकही नाही. 1924 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी काम बंद केलं. सहा आठवड्यांहून जास्त दिवस संप चालला आणि 1925 च्या जानेवारीत मालकांना तासाला एक फ्रँक द्यावा लागला. त्यांच्यातली एक कामगार विधवा, जोझेफिन पँकाले, त्याच वर्षी नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये तेव्हा बायकांना मताचाही हक्क नव्हता, म्हणून तिची निवड रद्द झाली. पण तिच्या गावाने तिला निवडून दिलं होतं.

एका रविवारी आम्ही एक डबा पिशवीत घातला आणि त्या मुलीच्या घरी गेलो.

आई अंगणात मासळी पालटत होती. आम्हाला पाहून तिने घाईने हात धुतले, खुर्ची पुसली. "मॅडम, काही चुकलं का हिचं?" शिक्षक घरी आला म्हणजे मुलाचं काहीतरी चुकलं, असं गरीब आईला वाटतं. आम्ही म्हटलं, "तिचं नाही, आमचं चुकलं." आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी घरी सांगत होती, शाळेत आता जेवण मिळतं म्हणून.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मुलगी दारात उभी होती, तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. आम्ही तिला म्हटलं, "बेटा, आम्हाला माफ कर." तिने मान खाली घातली. माफ केलं म्हणाली नाही, आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

मग बोलायला काहीतरी हवं म्हणून आम्ही डबा काढला. आईने तो आधी हातात घेऊन हलवला, वजन बघितलं. उघडल्यावर एक मासा बोटाने उचलून उन्हात धरला. "ताजी होती मासळी," ती लगेच म्हणाली. "पोट बघा, शाबूत आहे. शिळ्या तारलीचं पोट आधी फुटतं." मग चाखून म्हणाली, "मीठ बेताचं आहे. हात चांगला आहे बाईचा."

'बाईचा' हे तिला कसं कळलं, आम्ही विचारलं नाही.

मग तिने आम्हाला तिचं काम दाखवलं. तारली सुकवणं बोंबलासारखं सोपं नसतं. तिच्या अंगात तेल, ते उन्हात खवट होतं आणि मासळी पिवळी पडते. म्हणून पहाटेचीच मासळी घ्यायची, डोळा साफ, कल्ले लाल, पोट दाबलं तर घट्ट. दुपारची स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. साफ करून चार किलोला साधारण एक किलो मीठ, रात्रभर दाबून ठेवायचं, सकाळी खारं पाणी झटकून जाळीवर अंथरायची. पालटायला उशीर झाला तर एक बाजू करपते. आभाळ आलं की सगळं उचलून आत. आम्ही ऐकत होतो आणि दिरांनी सांगितलेली मातोझिन्योसची गोष्ट आठवत होतो. वासही तोच, कष्टही तेच.

"त्या बायकांना किती मिळतात?" तिने विचारलं.

हा प्रश्न दिरांनी तिथे विचारला नव्हता, आम्हालाही सुचला नव्हता. आम्ही तिला दुआर्ननेच्या बायकांच्या संपाची गोष्ट सांगितली. ती मासळी पालटत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मुलगी पहिल्यांदा बोलली. "मॅडम, निवडून आली त्या बाईचं नाव काय म्हणालात?"

आता थोडं वाचक भगिनींसाठी. असा उंची डबा हाती आलाच तर तो कापून रश्शात टाकू नका. भाकरी किंवा पाव, बारीक चिरलेला कांदा, वर लिंबू, एवढं पुरे. सेहरीला उत्तम, कारण शिजवायचं नसतं. मऊ काटे टाकू नका, मुलांच्या हाडांना ते चांगले. उरलं तर पत्र्यात न ठेवता काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. फुगलेला किंवा गळका डबा मात्र कितीही महाग असो, फेकून द्या. आणि डबा नसेल तर काही बिघडत नाही. आपल्या आठवडी बाजारात कोपऱ्यात बसलेल्या मावशीकडे याच कामाचा माल असतो. तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी एकदा तिच्या हातांकडे पाहा.

दुसऱ्या दिवशी आम्ही अम्मांकडून सुकी तारली भाजून घेतली, वर कांदा आणि आमसूल, आणि डबा घेऊन शिक्षक खोलीत न जाता मुलींमध्ये जाऊन बसलो. वर्ग एकदम गप्प झाला. ज्यांनी तक्रार केली होती त्या मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. आम्ही खायला सुरुवात केली. त्या मुलीकडे डबा नव्हता. आम्ही तिला बोलावलं नाही, नुसती जागा करून दिली. दोन-तीन मिनिटं ती तशीच बसून राहिली. मग उठून आली, एक तुकडा उचलून तोंडात घातला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही नीट भाजली नाही. आतून ओली आहे."

"मग उद्या तू आण," आम्ही म्हटलं.

उद्या तिने आणली नाही. परवाही नाही. पुढच्या आठवड्यात बुधवारी आणली. झाकण अर्धंच उघडलं होतं, आणि एक हात त्यावर होता.